करडईवरचा उसना राग

सध्या तेलाची धास्ती घालण्याचे दिवस आहेत. बियांपासून काढलेलं प्रत्येक तेल म्हणजे विष, त्यातलं लिनोलिक आम्ल (तेला-चरबीतलं एक मेदाम्ल) अंगात दाह पेटवतं आणि हृदयविकारापासून लठ्ठपणापर्यंत सगळ्याचं मूळ तेच, असं सांगणारे व्हिडिओ अमेरिकेतून निघतात, हिंदीत येतात आणि मराठीत पोचेपर्यंत त्यांना एखादे वैद्यराजही चिकटलेले असतात. सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा सुळसुळाट आहे. आणि त्यांचा पहिला फटका बसतो तो करडईला, कारण लिनोलिक आम्ल सगळ्यात जास्त तिच्यातच. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात ते शंभरात ७० ते ८० च्या दरम्यान असतं. सूर्यफुलात साठीच्या घरात, सोयाबीन आणि सरकीत पन्नाशीच्या थोडं वर, शेंगतेलात तिसाच्या आसपास. पामतेलात जेमतेम १०.

हा क्रम नीट बघा. लिनोलिकला खलनायक ठरवलं की या यादीत पामतेल आपोआप सज्जन ठरतं. त्यात निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते ही गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत, किंवा ते ज्या लोणी-तुपाच्या श्रोत्यांसाठी बोलतात त्यांना पामतेलाशी देणंघेणंच नसतं. आपल्याला आहे. आपल्याकडे करडई सोडणारा माणूस साजूक तुपाकडे जात नाही, तेवढे पैसे असतात कुणाकडे? तो पामतेलाच्या स्वस्त पुड्याकडे जातो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: ही भीती आपली नाही, तिच्यामागचा पुरावा कच्चा आहे, आणि तिच्या नादाने आपण असं एक पीक घालवत आहोत जे आमच्या जमिनीत जवळपास पाण्याशिवाय येतं. ते पीक टिकवायचं असेल तर सरकारने करडईचं कौतुक करणं थांबवून करडईचं तेल विकत घ्यायला लागावं.

आधी त्या आम्लाचं बघू. लिनोलिक म्हणजे अठरा कार्बनची साखळी, तिच्यात दोन दुहेरी बंध. शरीर बरीचशी मेदाम्लं स्वतः तयार करतं, हे मात्र करू शकत नाही, कारण बाराव्या कार्बनच्या जागी दुहेरी बंध टाकणारं विकर (एन्झाइम) माणसाकडे नाही. वनस्पतींकडे आहे. मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९-३० मध्ये उंदरांना चरबीविरहित आहारावर ठेवलं. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवलेदार झाली, शेपटीला जखमा झाल्या. लिनोलिक आम्ल दिल्यावर ते सुधारले. पुढे बाळांच्या आहारातही तेच दिसलं. कातडीचं पाणी धरून ठेवणारा थर या आम्लाशिवाय नीट बनत नाही. तेव्हा जे शरीराला बाहेरूनच मिळवावं लागतं त्याला विष म्हणायचं असेल तर आधी मात्रा बोलावी लागेल.

मात्रा फार नाही. दिवसाच्या उष्मांकाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास लिनोलिक असलं तरी कमतरता होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी धरलं आहे. दोन हजार उष्मांकांच्या जेवणात ते साडेपाच ग्रॅम होतात, म्हणजे करडईच्या तेलाचे दोन लहान चमचे. त्यातलं थोडं तर ज्वारीतून आणि शेंगदाण्याच्या चटणीतून तसंही पोटात जातं. म्हणून 'करडई खाल्लीच पाहिजे' असं मी म्हणत नाही. ती खाल्ल्याने मराल असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आणि त्यांच्याकडे एक हुकमाचा पत्ता आहे, तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. तो पत्ता नेमका करडईचाच आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात एक प्रयोग झाला. नुकताच हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेले ४५८ पुरुष घेतले, अर्ध्यांच्या जेवणातली प्राण्यांची चरबी काढून तिच्या जागी करडईचं तेल आणि करडईपासून केलेलं मार्जरीन, म्हणजे लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल, दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. पण मृत्यू वाढले. जुनी माहिती शोधून काढून २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फेरविश्लेषण छापून आलं, त्यात करडई गटातले १७.६ टक्के रुग्ण दगावले होते आणि दुसऱ्या गटातले ११.८ टक्के. आकडा दचकवणारा आहे. मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा स्वयंपाकघरातल्या डब्याकडे बघितलं होतं.

पण पुढचंही वाचायला हवं. त्या रुग्णांना उष्मांकाचा सुमारे १५ टक्के भाग लिनोलिकमधून मिळत होता. दोन हजार उष्मांकांवर हिशेब केला तर रोजचे तेहेतीस ग्रॅम लिनोलिक, म्हणजे माणशी रोज चव्वेचाळीस-पंचेचाळीस ग्रॅम करडई तेल. चौघांच्या घरात महिन्याला साडेपाच किलोच्या आसपास, आणि तेही निव्वळ करडई. सोलापुरात असं घर मला दाखवा. शिवाय मार्जरीनमध्ये त्या काळी ट्रान्स फॅट किती होतं हा वाद आजही मिटलेला नाही, आणि माणसं निरोगी नव्हती, हृदयविकारातून उठलेली होती. त्याच संशोधकांनी २०१६ मध्ये मिनेसोटातल्या एका मोठ्या जुन्या प्रयोगाची मक्याच्या तेलावरची माहिती उजेडात आणली. तिथेही कोलेस्टेरॉल उतरलं, जीव मात्र वाचले नाहीत. यातून 'कोलेस्टेरॉल उतरलं म्हणजे झालं' हा जुना गर्व उतरायला हवा, तो उतरला तर मला आनंदच आहे. हृदयाचं चित्र छापून तेल खपवणाऱ्यांनी तो दोन पिढ्या मिरवला आहे.

दुसऱ्या पारड्यातला पुरावा याहून जड आहे. २०१९ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात तीस पाहण्यांचा एकत्रित अभ्यास आला, माणसं अडुसष्ट हजारांवर. लोकांना 'काय खाता' असं विचारण्यापेक्षा त्यांच्या रक्तात आणि चरबीत लिनोलिक किती आहे ते मोजलेलं होतं. ज्यांच्यात ते जास्त, त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार आणि त्यातून येणारे मृत्यू कमी. दाहाचा जो धाक घातला जातो त्याची साखळी अशी सांगतात: लिनोलिकपासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल, त्यापासून दाह वाढवणारी रसायनं. कागदावर साखळी खरी आहे. शरीरात मात्र पहिल्याच कडीला चौकी बसलेली आहे. आहारातलं लिनोलिक वाढवलं तरी रक्तातलं अ‍ॅराकिडोनिक फारसं हलत नाही, असं माणसांवरच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

टीकाकारांचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करतो. दोन दुहेरी बंधांमुळे लिनोलिक हवेला आणि आचेला नाजूक असतं. करडईचं तेल कढईत तासन्‌तास उकळायचं तेल नाहीच. स्टँडच्या बाहेर भज्यांच्या गाड्यावर जी काळीकुट्ट कढई दिसते, तिच्यातल्या तेलात कुठलं बी होतं हा प्रश्न गौण आहे, ते किती दिवसांचं आहे हा खरा प्रश्न. तळलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडताना बनणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. तो मोजायला गाड्यावर कोण येतं ते सगळ्यांना माहीत आहे. दाहाची काळजी करणाऱ्या मंडळींनी आपला वेळ तिथे घालवला तर बरं होईल.

जुन्या घरांत करडईचं तेल तळणाला नव्हतंच. ते फोडणीला, आणि त्याहून जास्त कच्चं. भाकरीच्या कोपऱ्यावर चटणी, चटणीला बोटाने खळगा करायचा आणि त्यात तेलाची धार. चटणी जवसाची असेल तर त्या एका घासात नकळत फार शहाणा हिशेब जमतो. लिनोलिक हे ओमेगा-६ कुळातलं, जवसात निम्म्याहून जास्त असतं ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल ओमेगा-३ कुळातलं, आणि दोघांना शरीरात पुढे न्यायचं काम एकच विकर करतं. एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला वाट मिळत नाही. आपल्या ताटात आज ओमेगा-६ जास्त झालं म्हणण्यापेक्षा जवस कमी झालं, हे जास्त खरं आहे. शेंगा चटणीची पाकिटं सोलापूरहून जगभर जातात. जवसाची चटणी मात्र आजीबरोबर गेली. असो, जवसावर वेगळं लिहावं लागेल.

आता घाण्यावर चला. शहरात गेल्या काही वर्षांत लाकडी घाणे पुन्हा निघाले आहेत, निम्मे हौशी ग्राहकांच्या जिवावर चालतात. होटगी रस्त्याच्या बाजूच्या अशा एका घाण्यावर मी करडई विचारली. मालक हसले. "काका, करडी न्यायला येतंय कोण? डॉक्टरांनी सांगितलं की महिना-दोन महिने नेतात, मग कुणीतरी मोबाईलवर काहीतरी पाठवतंय की लगेच शेंगतेल." पुढे त्यांनी धंद्याचं दुखणं सांगितलं. शेंगदाणे घातले की तेल बऱ्यापैकी हाती येतं आणि पेंडही चढ्या भावाने जाते. करडईच्या दाण्याला जाड टरफल, बियात तेल तिसाच्या आसपास टक्के, आणि घाण्यात त्यातलंही सगळं उतरत नाही. चार किलो बी घाला, किलोभर तेल धरा. पेंडीला गिऱ्हाईक शोधावं लागतं. त्यांच्या दुकानात करडईचं तेल पामतेलाच्या दुपटीहून महाग होतं, आणि ते नफेखोरीमुळे नव्हतं.

मग दुकानात 'करडई' म्हणून जे स्वस्त मिळतं ते काय? डबा उलटा करा. मागे बारीक अक्षरांत 'मिश्र खाद्य वनस्पती तेल' असं लिहिलेलं बऱ्याचदा सापडतं. नियमाप्रमाणे मिश्रणात प्रत्येक तेल किमान २० टक्के असलं की पुरतं, आणि प्रमाण छापावं लागतं. ते पुढच्या बाजूच्या चित्राएवढं मोठं छापावं अशी सक्ती करायला काय हरकत आहे? पोषणाच्या तक्त्यात 'पॉलीअनसॅच्युरेटेड' असा बहुतेकदा एकच मोघम रकाना असतो, त्यात लिनोलिक किती आणि लिनोलेनिक किती हे गिऱ्हाइकाला कळत नाही. ज्याच्यावरून एवढा गदारोळ चाललाय त्या आम्लाचा आकडाच पुड्यावर नाही, ही गंमत आहे. तो छापला तर निम्मे व्हिडिओ आपोआप बंद पडतील.

पण हे सगळं ग्राहकाच्या बाजूचं झालं. खरी गोष्ट रानात आहे. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. खोल काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून रब्बी काढायची ही इथली शेती. मालदांडी ज्वारी त्या ओलीवर येते, आणि करडई तिच्याहून चिवट. तिचं सोटमूळ दोन-अडीच मीटर खाली जाऊन जिथे दुसऱ्या पिकाचं मूळ पोचत नाही तिथलं पाणी ओढतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असायच्या. काटेरी झुडपांत जनावर तोंड घालत नाही, म्हणजे कुंपणही फुकट आणि वर्षाचं तेलही घरचं. हरभऱ्यात करडई, सहा ओळींना तीन, अशी शिफारसही आहे. कोवळ्या पानांची भाजी व्हायची ती वेगळीच.

देशात १९८० च्या दशकात करडई आठ-दहा लाख हेक्टरांपर्यंत होती आणि महाराष्ट्र तिचं घर होतं. अलीकडच्या वर्षांत देशभर मिळून लाखभर हेक्टरही भरत नाहीत. कारणं शेतकऱ्याला विचारा, तो बोटावर मोजून देईल. काटे हे पहिलं. काढणी भल्या पहाटे दव असताना करायची, कारण तेव्हा काटे जरा मऊ असतात. हातापायांना फडकी गुंडाळून बायका कामाला यायच्या, आता त्या मजुरीला येत नाहीत आणि त्यांनी का यावं? मावा ही कीड हे दुसरं. तिसरं उजनीचं पाणी आणि ऊस. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात करडईची बाजू घेणारा पुढारी तुम्हाला सापडणार नाही.

संशोधनाने आपलं काम केलं नाही असं म्हणता येत नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३० च्या दशकापासून चालू आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने भीमा, फुले कुसुमा, फुले चंद्रभागा, फुले नीरा असे वाण दिले, त्यात इथल्या केंद्राचा मोठा हात आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले. गव्हाचं हार्वेस्टर करडईत चालतं हे दाखवून झालं. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेने लिनोलिकऐवजी ओलिक आम्ल (एकाच दुहेरी बंधाचं, म्हणून कमी नाजूक) भरपूर असलेले वाणही आणले, त्यांचं तेल आचेला टिकतं. म्हणजे उद्या लिनोलिकवाल्यांची भीती खरी ठरली तरी करडई बदलू शकते; रोप तेच, काळी जमीन तीच, तेल वेगळं. मला ही सोय फार मोलाची वाटते, कारण कुठल्याही पिकाचं नशीब एका आम्लाच्या प्रतिष्ठेवर टांगणं धोक्याचं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत 'कोलेस्टेरॉल उतरवणारं तेल' म्हणून करडईला डोक्यावर घेतलं, आता त्याच आम्लासाठी तिला लाथाडतायत.

जिथे गणित फसलं ते धोरणात. १९८६ मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. पुढे आयात मोकळी झाली, पामतेल येत गेलं. आज आपण लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलांवरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ मध्ये ते पुन्हा १० वर आणलं. ऑक्टोबरात पेरणाऱ्याने फेब्रुवारी-मार्चमधला भाव कशावरून धरायचा? २०२४ च्या ऑक्टोबरात १०,१०३ कोटींचं तेलबिया अभियान जाहीर झालं. २०२६-२७ च्या हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलमागे ६०० रुपये वाढवून ६,५४० केला, रब्बीच्या पिकांत ही सगळ्यात मोठी वाढ. चांगलं झालं. पण हमीभावाला खरेदी नसेल तर तो नुसता फलक आहे. आणि सरकार स्वतः काय वाटत होतं? २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, हरभराडाळ, साखर आणि लिटरभर पामतेल.

माझी मागणी शाळेच्या खिचडीपासून सुरू होते. मध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज पाच ग्रॅम तेल धरलेलं आहे, सहावी ते आठवीला साडेसात. वर्षाला २२० दिवस शाळा धरली तर लहान मुलामागे १ किलो १०० ग्रॅम. एक लाख मुलांना ११० टन तेल, त्याला ४४० टन करडई. कोरडवाहूत हेक्टरी आठ क्विंटल धरले तर साडेपाचशे हेक्टर. एवढ्याने क्रांती होत नाही हे मलाही दिसतं. पण आज ज्या पिकाला ठरलेलं गिऱ्हाईकच नाही, त्याला साडेपाचशे हेक्टरांचं पक्कं गिऱ्हाईक मिळतं, आणि चार-सहा घाण्यांना वर्षभराचं काम. हमीभावाने बी घेतलं तर किलोभर तेलामागे बियाचेच दोनशे साठ रुपये होतात, वर घाणावळ, त्यातून पेंड वजा. ढोबळ हिशेबाने स्वस्त तेलापेक्षा मुलामागे वर्षाला दीडशे-दोनशे रुपये जास्त.

यावर रास्त आक्षेप येतो: शाळेच्या जेवणातल्या अंड्यांचा निधी राज्याने २०२५ च्या जानेवारीत थांबवला, आणि तुम्ही महागडं तेल मागता? आक्षेप मला पटतो. अंडं की करडई असा पेच खरोखरच असेल तर मी अंडं म्हणेन, मुलाला त्याची गरज जास्त आहे. पण करडईचे पैसे पोषणाच्या खात्यातून मागायचेच कशाला? तेलबिया अभियानात पैसे आहेत, ते प्रात्यक्षिकांवर आणि बियाण्याच्या पिशव्यांवर जातील तसे खरेदीवरही जावेत. पेरलेलं विकलं जातं हे दिसण्याइतकं मोठं प्रात्यक्षिक शेतकऱ्याला दुसरं कुठलं दाखवणार?

सुरुवात मंगळवेढा, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर अशा तालुक्यांपुरती करावी. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असते, म्हणून खरेदीचा दर आणि प्रमाण ऑगस्टमध्येच गावात कळायला हवं. मार्च उलटल्यावर माल बाजार समितीत आणायचा, ओल आणि काडीकचरा तपासून तिथेच वजन. एकदम तेल काढून डबे भरून ठेवायचे नाहीत, कारण हेच लिनोलिक उन्हाळ्यात गोदामात खवट होतं. करडईचं बी टरफलात वर्षभर चांगलं राहतं. तेव्हा बी साठवायचं, आणि जूनला शाळा उघडली की महिन्याला लागेल तेवढंच तेल घाण्यावरून गाळून घ्यायचं.